जुन्या कॉम्प्युटरमधलं नव्यात नेताना: कोणत्या कामाचे किती पैसे?

“डेटा पायजे का भाऊ, का डायरेक्ट विंडोज मारू?”

अमरावतीच्या राजापेठेत जा नाही तर अकोल्याच्या रतनलाल प्लॉटात, जुना सीपीयू काउंटरवर ठेवला की पहिला प्रश्न हाच येतो. ग्राहक घाईत असतो, “हो दादा, डेटा पायजेच” म्हणतो आणि निघून जातो. सौदा तिथेच अर्धवट राहतो. दुकानदाराच्या हिशेबी फोटो आणि वर्ड-एक्सेलच्या फाइली उचलून नव्या मशीनमध्ये टाकल्या की काम झालं. ग्राहकाने मात्र त्या तीनशे-पाचशे रुपयांत टॅली चालू होणं, प्रिंटर लागणं, मराठी मजकूर नीट दिसणं, क्रोममधले पासवर्ड जागेवर असणं, सगळंच धरलेलं असतं. दोन दिवसांनी भांडण होतं आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात.

फाइली नेणं हे या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त काम आहे. थोडा धीर असेल तर ते घरी फुकटात होतं. पैसे जातात ते कॉपी करून जात नाहीत अशा गोष्टींवर: परवाने, फॉन्ट, ड्रायव्हर, खाती, पासवर्ड. म्हणून दुकानात ‘डेटा ट्रान्सफरचे किती?’ असा एकच भाव विचारू नये. प्रत्येक कामाचा भाव वेगळा विचारावा. पुढचे दर आपल्याकडच्या लहान-मध्यम दुकानांत ढोबळमानाने काय मोजावे लागतील याचा अंदाज देणारे आहेत. दुकानागणिक शे-दोनशे रुपये इकडेतिकडे होतात.

आधी एक प्रश्न. नवा कॉम्प्युटर घ्यायची वेळ खरंच आली आहे का? विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, तेव्हापासून “आता हे चालत नाही” असं सांगून मशीन विकण्याचा सपाटा सुरू आहे. मशीन चालतं, बंद झाले ते सुरक्षेचे नियमित अपडेट. घरगुती वापरकर्त्यासाठी ते अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळण्याची सोय कंपनीने ठेवली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर त्याचे पैसेही पडत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचं मशीन असेल तर आज ना उद्या बदलावं लागेल, पण ते दुकानदाराच्या घाईने नव्हे. प्रोसेसर नवा असून मशीन फक्त संथ झालं असेल, तर जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकून जुनी डिस्क तशीच ‘क्लोन’ करून घेणं हा सगळ्यांत कमी डोकेदुखीचा उपाय. क्लोनमध्ये विंडोज, टॅली, फॉन्ट, प्रिंटर, डेस्कटॉपवरचं चित्रसुद्धा जसंच्या तसं येतं. क्लोनची मजुरी पाचशे ते हजार, एसएसडीची किंमत वेगळी. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढले आहेत, तेव्हा त्याआधीचा भाव मनात धरून जाऊ नका. दोन दुकानं फिरा.

आता नवं मशीन घेतलंच आहे असं धरू.

फाइली: तीनशे ते हजार, किंवा एक केबल

दुकानात शंभर जीबीपर्यंतचा डेटा कॉपी करून देण्याचे तीनशे ते पाचशे, त्याच्यावर गेला तर हजारापर्यंत. घरी येऊन करायचं तर व्हिजिटचे दोनशे ते चारशे वेगळे. बडनेरा किंवा अकोल्याच्या डाबकी रोडच्या टोकाला घर असेल तर पेट्रोलही त्यात धरलं जातं. मूर्तिजापूरकराला दोन्ही बाजारपेठा हाताशी आहेत. त्याने मशीन घेऊनच जावं, माणूस बोलावणं परवडणार नाही.

नवं मशीन त्याच दुकानातून घेत असाल तर हे पैसे देऊच नका. चाळीस-पन्नास हजारांच्या खरेदीवर डेटा कॉपी करून देणं हे विक्रीचा भाग म्हणून मागून घ्यावं, आणि ‘जुन्या मशीनमधील डेटा कॉपीसह’ एवढे शब्द बिलावर लिहून घ्यावेत. ते का, ते पुढे येईल.

स्वतः करायचं तर तीन वाटा आहेत. पहिली, पेनड्राइव्ह. थोड्या फाइलींना ठीक. पण पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीहून मोठी एक फाइल त्यात बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ नेताना पुष्कळ जण इथेच अडतात. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की अडचण संपते. दुसरी वाट म्हणजे जुनी हार्डडिस्क काढून तीनशे ते सहाशे रुपयांच्या साटा-टू-यूएसबी केबलने थेट नव्या मशीनला जोडणं. डेस्कटॉपची मोठी डिस्क असेल तर अडॅप्टर असलेली केबल घ्या. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कला साधी चालते. माझ्या मते पैसा वसूल होतो तो इथे. केबल आयुष्यभर घरात राहते आणि जुनी डिस्क आपोआप बॅकअप बनते. तिसरी वाट एक टीबीची बाहेरची हार्डडिस्क, पाच-सात हजारांची. फक्त या एका कामासाठी ती घेऊ नये. बॅकअपची सवय लावून घ्यायची असेल तर मात्र जरूर घ्यावी.

गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह ‘फुकट’ आहेत असं सांगितलं जातं. गूगलचे पंधरा जीबी फुकट, त्यात जीमेल आणि फोटोही मोजले जातात. वनड्राइव्हचे पाच जीबी. शिवाय आपल्याकडचं इंटरनेट बघा. चाळीस एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी सेकंदाला पाच एमबी. शंभर जीबी चढवायला साडेपाच तास, आणि तेवढेच उतरवायला. मध्ये लाइन गेली तर हिशेब पुन्हा. केबलने यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला जोडलेली डिस्क तेच काम वीस-पंचवीस मिनिटांत करते. जुन्या यूएसबी २ ला जवळजवळ तास लागतो. हजारो बारक्या फाइली असतील तर वेळ वाढतो, तेव्हा दुकानदार “सायंकाळी या” म्हणाला तर तो टाळतोय असं लगेच समजू नका.

इथे वऱ्हाडातली दोन पथ्यं. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढेही जातो. आठ-दहा वर्षांची हार्डडिस्क दुपारी दोन वाजता, पंख्याशिवाय, सलग दोन तास वाचत ठेवणं म्हणजे तिला मरणाच्या दारात उभं करणं. हे काम सकाळी करा. दुसरं, लाइट. यूपीएस नसेल तर ‘कट-पेस्ट’ कधीही करू नका, कायम ‘कॉपी’च करा. हलवताना वीज गेली तर एखादी फाइल ना इथली ना तिथली अशी होऊ शकते.

सी ड्राइव्हचा घोळ

“डी ड्राइव्हला मी हातच नाही लावत, टेन्शन नका घेऊ.” दुकानदाराचं हे वाक्य खरं असतं आणि तरीही लोकांचा डेटा जातो. आपल्याकडे डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडायची पद्धत आहे, विंडोज सीमध्ये. ‘विंडोज मारणं’ म्हणजे सी पुसणं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे चारही फोल्डर सीमध्येच राहतात. घरोघरी सगळ्यात महत्त्वाच्या फाइली कुठे असतात? डेस्कटॉपवर, पटकन सापडाव्यात म्हणून. सातबाराचे स्कॅन, मुलाची मार्कलिस्ट, बँकेचं स्टेटमेंट, सगळं तिथेच.

तेव्हा मशीन देण्याआधी सी ड्राइव्हमधलं ‘यूजर्स’ हे फोल्डर उघडा आणि आपल्या नावाचं फोल्डर पूर्णच्या पूर्ण कॉपी करायला सांगा. घरात दोन-तीन जणांची खाती असतील तर सगळ्यांची. आउटलुक वापरत असाल तर त्याची पीएसटी फाइल स्वतंत्रपणे मागा; ती बारा-पंधरा जीबीची असू शकते आणि कधी अशा कोपऱ्यात लपलेली असते की नजरेला पडत नाही. क्रोमच्या खुणा आणि पासवर्डसाठी पैसे देण्याचं कारण नाही. जुन्या मशीनवर क्रोममध्ये आपल्या गूगल खात्याने साइन-इन करून सिंक चालू करा, नव्यावर त्याच खात्याने उघडा, झालं. व्हॉट्सॲप तर फोनवरून क्यूआर स्कॅन करून पुन्हा जोडायचं.

काम झाल्यावर ताबा घेताना जुन्या आणि नव्या दोन्ही फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा. फाइलींची संख्या जुळली पाहिजे. मग सर्वांत जुना एक फोटो, सर्वांत मोठी एक एक्सेल आणि कुठलीही एक पीडीएफ उघडून बघा. दुकानातच, पैसे देण्याआधी.

टॅली: फाइल फुकट, परवाना महागात

अडत, कपड्याचं होलसेल, कृषी सेवा केंद्र, मेडिकल, जिनिंग, जिथे हिशेब आहे तिथे टॅली आहे. आणि नव्या मशीनवर जाताना सर्वांत जास्त पैसे विनाकारण इथेच जातात.

टॅलीचा डेटा हे एक फोल्डर आहे. जुन्या टॅली ईआरपी ९ मध्ये ते बहुधा टॅलीच्याच फोल्डरात ‘डेटा’ नावाने असतं, टॅलीप्राइममध्ये ‘पब्लिक’ या फोल्डरच्या आत. प्रत्येक कंपनीला आकडी नावाचं एक उपफोल्डर. ते उचलून नव्या मशीनवर ठेवलं आणि टॅलीला वाट दाखवली की हिशेब उघडतो. यात कौशल्य काही नाही, त्यामुळे या कामाचे कुणी दोन हजार मागितले तर हसून दुसऱ्या दुकानात जावं. जुन्या आवृत्तीचा डेटा नव्या टॅलीप्राइममध्ये उघडताना त्याचं रूपांतर होतं आणि मागे परतणं अवघड असतं, म्हणून त्याआधी एक प्रत बाजूला ठेवावी. हे सीए सांगतीलच, पण दुकानदार सांगेल याचा भरवसा नाही.

पेच आहे तो परवान्याचा. सिंगल यूजरचा टॅलीप्राइम सिल्व्हर परवाना साडेबावीस हजारांच्या आसपास, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे साडेसव्वीस हजारांच्या घरात. तो एका वेळी एकाच मशीनवर चालतो. म्हणून जुनं मशीन फॉरमॅट करण्याआधी, ते चालू असताना, इंटरनेट जोडून टॅलीतूनच परवाना ‘सरेंडर’ करायचा. मग नव्या मशीनवर तोच सिरियल नंबर टाकून ‘रिॲक्टिव्हेट’ करायचा. पाच-दहा मिनिटांचं काम. उलट क्रमाने केलं, म्हणजे आधी जुनं मशीन पुसलं, तर परवाना त्या मेलेल्या मशीनवर अडकून राहतो. टॅलीच्या पार्टनरमार्फत सोडवता येतो, पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात किंवा जीएसटी रिटर्नच्या तारखेला तो वेळ कुणाकडे असतो?

आणखी एक गाठ. रिॲक्टिव्हेट करताना ‘की’ येते ती परवान्याशी जोडलेल्या ईमेलवर. तो ईमेल पुष्कळदा मालकाचा नसतो. ज्या डीलरने टॅली विकली त्याचा असतो, नाही तर चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुनीमजींचा. नवं मशीन घ्यायच्या महिनाभर आधी हा ईमेल कुणाचा आहे ते तपासून स्वतःच्या नावावर करून घ्यावा. पार्टनरचा माणूस दुकानात येऊन सरेंडर, रिॲक्टिव्हेट आणि डेटा जोडणी असं सगळं पाचशे ते हजारात करून देतो, तेवढे द्यावेत. “नवीन लायसन्सच घ्यावं लागते शेठ” असं कुणी म्हटलं तर सिरियल नंबर घेऊन थेट टॅलीच्या मदत केंद्रात विचारा.

क्रॅक व्हर्जनवाल्यांना सांगण्यासारखं वेगळं काही नाही. नव्या मशीनवर पुन्हा क्रॅक टाकण्याचे दुकानदार दोनशे-तीनशे घेतो, आणि त्या क्रॅकसोबत काय शिरलं ते खंडणी मागणाऱ्या व्हायरसने सगळ्या फाइली कुलूपबंद केल्यावर कळतं. त्या दिवशी दुकानदार फोन उचलत नाही.

टॅलीच्या शेजारी असतो डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, टोकन. त्यातली सही टोकनमध्येच राहते, कॉम्प्युटरमध्ये नाही, म्हणून हलवायचं काही नसतं. नव्या मशीनवर टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटी पोर्टलला लागणारा एमसाइनर टाकला की भागतं. हा टोकन दुकानात रात्रभर ठेवू नका. बँकेचं सही केलेलं कोरं चेकबुक तुम्ही ठेवाल का?

मराठी अक्षरांचा खर्च

पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शनांत हे सहसा सापडत नाही, पण अमरावती-अकोल्यात डीटीपीवाले, लग्नपत्रिकावाले, शाळांचे लिपिक, वकिलांचे टायपिस्ट यांचं सगळं अडतं ते इथे. वीस वर्षांचं टायपिंग श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा सी-डॅकच्या आयएसएममधल्या सुरेख अशा फॉन्टमध्ये आहे. ही युनिकोडच्या आधीची व्यवस्था. फाइल नव्या मशीनवर गेली तरी फॉन्ट गेला नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि माणूस घाबरतो की फाइल खराब झाली. खराब झालेली नसते. जुन्या मशीनच्या विंडोज फोल्डरातून ‘फॉन्ट्स’ फोल्डर कॉपी करून तो फॉन्ट नव्यावर बसवला की अक्षरं परत येतात. याला पैसे पडत नाहीत.

फॉन्ट दिसणं आणि त्यात टाइप करता येणं या मात्र वेगळ्या गोष्टी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी बऱ्याच ठिकाणी डोंगलवर चालते, म्हणजे यूएसबीला लावायचं छोटं कुलूप. डोंगल हरवला तर सॉफ्टवेअर हरवलं. पूर्वीचे काही डोंगल जाड प्रिंटर पोर्टचे होते. ते पोर्ट नव्या मशीनला नसतंच. अशा वेळी कंपनीकडे अपग्रेडचा भाव विचारावा लागतो, दुकानदाराच्या हातात काही नसतं. सॉफ्टवेअरची जुनी सीडी असली तरी नव्या मशीनला सीडी ड्राइव्ह नसतो. बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह हजार-दीड हजाराला पडतो. एकदाच लागणार असेल तर दुकानदाराकडून सीडीची पेनड्राइव्हवर प्रत काढून घ्या, शंभर रुपयांचं काम.

नव्याने टाइप करायचं ते युनिकोडमध्येच करावं. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कळफलक फुकट मिळतो, उच्चारावरून टाइप करण्याचाही मिळतो. सरकारी टायपिंग परीक्षेसाठी रेमिंग्टनवर हात बसलेल्यांना मात्र वेगळं सॉफ्टवेअर लागतं, ते जुन्या मशीनवर कोणतं आहे त्याचं नाव आणि आवृत्ती कागदावर लिहून ठेवा. “मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकून द्या” एवढंच सांगितलं तर दुकानदार त्याच्याकडे जे असेल ते टाकेल आणि दुसऱ्या दिवशी टायपिस्टची बोटं अडखळतील.

ऑफिस, प्रिंटर आणि डॉसवरचे म्हातारे प्रोग्रॅम

नव्या लॅपटॉपबरोबर ऑफिस येतं तेव्हा ते पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने चालू केलं त्या खात्याला कायमचं चिकटतं. दुकानात गर्दी असते, मुलगा आपल्याच दुकानाच्या खात्याने मशीन चालू करून देतो आणि पैसे तुम्ही भरलेलं ऑफिस दुकानाच्या नावावर जातं. त्याहून वाईट म्हणजे विंडोज ११ च्या नव्या मशीनमध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे ती कुलूपबंद करणं, बहुधा आपोआप चालू होतं आणि त्या कुलपाची ४८ आकडी किल्लीही त्याच खात्यात जाऊन बसते. उद्या मदरबोर्ड बिघडला आणि किल्ली मागितली गेली तर दुकानदाराला शोधत फिरावं लागेल. म्हणून मशीन पहिल्यांदा चालू करताना स्वतः बसा, स्वतःचं खातं टाका, आणि ती किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवा. जुनं मशीनही असं कुलूपबंद असू शकतं. डिस्क काढण्याआधी किल्ली हाती आहे ना, हे बघा.

जुन्या लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस आणि विंडोज त्याच मशीनचे असतात. ते नव्यावर नेता येत नाहीत. डब्यातून वेगळं विकत घेतलेलं नेता येतं. अँटिव्हायरसची उरलेली मुदत सहसा जुन्यावरून काढून नव्यावर वापरता येते. क्विक हीलचे आठ महिने शिल्लक असतील तर नवं पाकीट घेऊ नका.

नवं विंडोज आल्यावर वनड्राइव्ह स्वतःहून तुमचा डेस्कटॉप आपल्याकडे ओढून घेतं आणि पाच जीबी भरले की पैसे मागू लागतं. त्या वेळी घाईने वनड्राइव्ह काढून टाकलं तर डेस्कटॉप रिकामा दिसतो. आधी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फोल्डरचा बॅकअप बंद करा, फाइली मशीनवर परत आल्या आहेत ते बघा, मग काढा.

प्रिंटर जोडून देण्याचे शंभर-दोनशे घेतात, ते वाजवी आहेत. जुन्या डॉट मॅट्रिक्सला प्रिंटर पोर्टची केबल असेल तर यूएसबी रूपांतराची केबल पाचशे-सहाशेला येते. पतसंस्था, मेडिकल आणि कापसाच्या अडतीत अजून फॉक्सप्रोवरचे, डॉसच्या काळातले प्रोग्रॅम चालू आहेत. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे आणि जुने १६ बिटचे प्रोग्रॅम त्यावर सरळ चालत नाहीत. डॉसबॉक्ससारखं काही टाकून कधी चालतात, छपाईशी मात्र भांडत बसतात. ज्याचा धंदाच अशा प्रोग्रॅमवर आहे त्याने नवं मशीन घेण्याआधी तो प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालवून दाखवायला सांगावं, किंवा जुनं मशीन फक्त त्या एका कामासाठी, इंटरनेटशिवाय, चालू ठेवावं. दुसरा उपाय मला जास्त व्यवहारी वाटतो.

डिस्क दिसतच नसेल तर

इथे भाव एकदम वर जातो. डिस्क दिसते, पण फाइली दिसत नाहीत किंवा चुकून फॉरमॅट झाली, अशा वेळी सॉफ्टवेअरने डेटा काढण्याचे दीड ते पाच हजार. डिस्कमधून कट-कट आवाज येत असेल तर ती लगेच बंद करा. अशी डिस्क धूळविरहित खोलीतच उघडावी लागते. ते काम मोठ्या शहरातल्या लॅबचं, खर्च आठ-दहा हजारांपासून पंचवीस हजारांच्याही पुढे. गावातला कुणी “उघडून बघतो” म्हणाला तर देऊ नका. जिनिंगच्या हंगामात इथल्या हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. पाठवताना डिस्क फुगवट्याच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. अर्धमेली डिस्क बसच्या टपावर टाकायची नसते.

‘डेटा निघाला तरच पैसे’ असं लिहून देणारी लॅब निवडा आणि तपासणीचे पैसे परत मिळतात का ते आधी विचारा. कोणते फोल्डर निघाले त्याची यादी बघूनच उरलेले पैसे द्या. कुणी ही रक्कम ऐकून मागे फिरला तर त्यात लाज नाही. बऱ्याचशा डेटाची किंमत तेवढी नसतेच. फोटो नातेवाइकांच्या फोनमध्ये मिळतात, हिशेब सीएकडे असतो.

बिल आणि तक्रार

दुकानदाराने अठरा टक्के जीएसटी लावला तर बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक पाहिजे, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होणारा. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवेच्या दुकानाला नोंदणी बंधनकारक नाही, आणि ज्याच्याकडे नोंदणी नाही त्याला जीएसटी घेता येत नाही. कच्च्या चिठ्ठीवर ‘जीएसटीसह’ लिहून पैसे मागणाऱ्याला क्रमांक विचारा, भाव आपोआप खाली येतो.

जॉबशीटवर बारीक अक्षरांत ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ असं छापलेलं असतं. त्यावर सही करण्याआधी हाताने दोन ओळी लिहून घ्या: कोणते फोल्डर, किती जीबी, कोणते प्रोग्रॅम चालू करून द्यायचे, एकूण किती रुपये आणि कधी. त्याची प्रत फोनमध्ये फोटो काढून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, आणि तक्रार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे दाखल करता येते. म्हणजे नागपूरच्या लॅबविरुद्धची तक्रारही अकोल्यातच देता येते. पण फुकट दिलेली सेवा या कायद्याखाली येत नाही. नव्या मशीनबरोबर ‘फ्री’ मिळालेलं काम बिलावर लिहून घ्या असं वर म्हटलं ते यासाठीच. लिहिलं की ते खरेदीचा भाग होतं. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेलाही कायदा लागू होत नाही, पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या धंद्याकरता घेतलेल्या वस्तूंना मात्र त्यात अपवाद आहे, हे छोट्या दुकानदाराने लक्षात ठेवावं. आयोगापर्यंत जाण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून बघा.

राहिलं जुनं मशीन. एक्स्चेंजमध्ये त्याचे हजार-दोन हजार मिळतात आणि मशीन महिनाभरात दुसऱ्या कुणाच्या घरी जातं. ‘क्विक फॉरमॅट’ने फाइली पुसल्या जात नाहीत, त्या नुसत्या दिसेनाशा होतात. हार्डडिस्क असेल तर पूर्ण फॉरमॅट करा, काही तास लागतात. विंडोजचं ‘रिसेट’ वापरत असाल तर सगळं काढून डेटा साफ करण्याचा पर्याय निवडा. माझा सल्ला त्याहून सोपा आहे. डिस्क काढून घ्या आणि मशीन बिनडिस्कचं द्या. एक्स्चेंजमध्ये त्यामुळे तीनशे-चारशे कमी मिळतील. ती डिस्क केबलसह कपाटात वर्षभर ठेवा; नव्या मशीनवर काय आणायचं राहिलं ते पुढच्या मार्चमध्ये, रिटर्न भरताना कळतं.